शून्यसुद्धा लिहायचं

अमेरिकेतल्या मिनेसोटात मिल्कवीड, म्हणजे मोनार्क फुलपाखराच्या अळ्या ज्याच्या पानांवर वाढतात ते चिकाचं झाड, जमिनीतून डोकं वर काढतं तेव्हा मे महिना अर्धा सरलेला असतो. त्याच सुमाराला दक्षिणेकडून पहिली मोनार्क फुलपाखरं पोचतात. ही थेट मेक्सिकोहून आलेली नसतात. तिथे हिवाळा काढलेली फुलपाखरं मार्च-एप्रिलमध्ये टेक्सास, ओक्लाहोमापर्यंत येतात, तिथल्या मिल्कवीडवर अंडी घालतात आणि मरतात. आमच्याकडे येते ती त्यांची पुढची पिढी. तिच्यातली मादी जेमतेम चार पानं फुटलेल्या कोंबावरसुद्धा अंडं ठेवून जाते. म्हणून मोजणी करणाऱ्याला मेमध्येच चिखलात गुडघे टेकावे लागतात.

मी मोजणी करते. मिनियापोलिसच्या नैऋत्येला, मिनेसोटा नदीजवळच्या एका उपनगरात आम्ही बरीच वर्षं राहतो. मोनार्क इथे कुणी अपूर्वाईचा पाहुणा नाही. आपल्याकडे २०१५ साली ब्लू मॉर्मन राज्य फुलपाखरू झालं, तसं मोनार्क २००० सालापासून या राज्याचं फुलपाखरू आहे. उन्हाळ्यात एखादं केशरी फुलपाखरू अंगणातून गेलं की सगळेच ‘मोनार्क, मोनार्क’ करतात, फोटो काढतात, सोडून देतात. मीही तेच करायचे. मग ‘मोनार्क लार्व्हा मॉनिटरिंग प्रोजेक्ट’मध्ये स्वयंसेवक म्हणून नाव घातलं. मिनेसोटा विद्यापीठात १९९७ साली सुरू झालेला हा उपक्रम. त्यात फुलपाखरांचा पाठलाग नसतो. मिल्कवीड असलेली एक जागा निवडायची, दर आठवड्याला तिथे जायचं, किती झाडं तपासली ते लिहायचं, आणि त्यांवर किती अंडी, कुठल्या अवस्थेतल्या किती अळ्या मिळाल्या ते लिहायचं. काहीच मिळालं नाही तर शून्य लिहायचं.

या शेवटच्या सूचनेकडे मी सुरुवातीला फारसं लक्ष दिलं नव्हतं. नंतर बहुतेक आठवडे तिनेच खाल्ले.

माझी जागा म्हणजे चालायच्या पायवाटेलगतचा एक उतार. पावसाचं पाणी खाली साचतं म्हणून तिथे गवत कापायचं यंत्र फिरवत नाहीत. वरच्या कोरड्या भागात साधं मिल्कवीड, म्हणजे रुंद, लवदार पानांचं, जमिनीखालून मुळं पसरवत जाणारं. खालच्या ओलसर भागात अरुंद पानांचं, गुलाबी फुलांचं, दलदलीतलं मिल्कवीड. पँटचे पाय मोज्यांत खोचायचे, कारण गोचिडी. टोपी, भिंग, पाटीला लावलेला तक्ता आणि पेन्सिल. पेन इथल्या सकाळच्या दवात चालत नाही. मोबाइलवर नोंद करता येते, पण चिकाच्या हातांनी काचेला हात लावायला मला आवडत नाही.

त्या वर्षी माझी आई आली होती, वाईहून, सहा महिन्यांसाठी. ती आली तेव्हा फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ओल्या कागदात गुंडाळलेलं मिल्कवीडचं बी होतं. या बियांना महिनाभर तरी थंडी आणि ओल मिळावी लागते, नाहीतर ती रुजायला नाखूश असतात. खरं तर ऑक्टोबरात उघड्यावर टाकून दिली तर हिवाळा ते काम फुकट करतो, पण मला अंगणातल्या वाफ्यासाठी थोडी हवी होती.

“बी फ्रिजमध्ये?” आई म्हणाली. “आम्ही राखेत ठेवतो.”

“राखेत कोरडं राहावं म्हणून. याला भिजून गारठायचं असतं.”

“अवघडच आहे तुमच्या अमेरिकेतलं बी,” असं म्हणून तिने ती पुडी भाजीच्या कप्प्यातून उचलून वरच्या फळीवर ठेवली.

पहिल्यांदा उतारावर आली तेव्हा मी एक पान तोडून तिला दाखवलं. देठातून पांढरा चीक टपकला. तिने लगेच माझा हात धरला. “डोळ्याला लावू नकोस हां. रुईच आहे ही.” रुई नव्हे, पण नातं तिने बरोबर ओळखलं होतं. मिल्कवीड आणि रुई एकाच कुळातल्या, आणि हा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते ही सूचना आम्हाला प्रशिक्षणातही दिली होती. रुईवर आपल्याकडे जे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्यांचं फुलपाखरू वाढतं, ते प्लेन टायगर, ते मोनार्कच्याच प्रजातिगटातलं आहे, डॅनॉस. दोघांचा धंदाही एकच: चिकातली हृदयावर परिणाम करणारी विषं अळीने खायची, अंगात साठवायची आणि फुलपाखरू झाल्यावरही बाळगायची. लिंकन ब्राउअर या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ब्लू जे पक्ष्यांना मोनार्क खायला घालून बघितली होती. पक्ष्याने खाल्लं, थोड्या वेळाने ओकून टाकलं, आणि पुढचं मोनार्क समोर आल्यावर तोंड फिरवलं.

अंडं शोधणं हे कसबाचं काम आहे. मादी साधारणपणे पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडं घालते. खसखशीच्या दाण्याएवढं, साईच्या रंगाचं, टोकाला किंचित निमुळतं. अडचण अशी की किड्यांनी पान जिथे जिथे टोचलेलं असतं तिथे तिथे चिकाचा सुकलेला थेंबही असाच दिसतो. भिंगातून बघितलं की अंड्यावर वरून खाली उभ्या रेघा दिसतात, थेंबावर त्या नसतात. आईची नजर सत्तरीतही उत्तम. मोती ओवलेले हात ते. ती पान उलटं करायची आणि मला न विचारता “चीक, चीक, चीक, हे बघ गं” असं म्हणत पुढे जायची. ‘हे बघ गं’ म्हणजे अंडं. मी भिंग लावायचे. क्वचितच ती चुकायची.

अंडं घातल्यावर तीन ते पाच दिवसांत अळी निघते. निघायच्या आधी अंड्याचं टोक काळं पडतं, ते तिचं डोकं. बाहेर आली की आधी स्वतःचं टरफल खाते. नंतरचा पहिला घास मात्र जिवावरचा असतो. मिल्कवीडच्या पानात चीक दाबाखाली असतो. चावा घेतला की तो उसळून येतो आणि एवढीशी अळी त्यात चिकटून मरू शकते. म्हणून ती आधी पानावरची लव कुरतडते, मग एक अर्धगोल कातरते, चीक वाहून जाऊ देते, आणि मग त्या गोलाच्या आतलं खाते. पानावर असा चंद्रकोरी छेद दिसला की अळी तिथे आहे किंवा होती हे नक्की. मोठी अळी याहून धीट. ती देठालाच चावा घेऊन ठेवते, अख्खं पान मान टाकतं, चीक तिथपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे लोंबणारं पान दिसलं की मी आधी तिकडे जाते.

अळीच्या पाच अवस्था. प्रत्येक वेळी कात टाकते आणि मोठी होते; अंड्यातून निघाल्यापासून कोषात जाईपर्यंत तिचं वजन सुमारे दोन हजार पट वाढतं, तेही दोनेक आठवड्यांत. अवस्था ओळखायला तिची लांबी उपयोगाची नाही, कारण अळी आखडते, ताणते. डोक्यामागे असलेल्या काळ्या शिंगांकडे बघायचं. पहिल्या अवस्थेत तिथे नुसते टिंब असतात, पाचवीत ती एखाद-दीड सेंटिमीटरच्या आसपास पोचतात आणि चालताना हलतात. मोनार्कच्या अळीला शिंगांच्या दोन जोड्या, एक पुढे, एक मागे.

जूनमध्ये अंडी बरी मिळाली. मग पुढच्या आठवड्यात त्याच झाडांवर मोठ्या अळ्या मिळायला हव्यात की नाही? नाही मिळाल्या. पहिल्या अवस्थेतल्या थोड्या, दुसरीतली एखादी, आणि पुढचे रकाने रिकामे. त्यापुढच्या आठवड्यातही तेच. आई अस्वस्थ झाली. “गेल्या कुठं सगळ्या?” मी तिला झाडाच्या शेंड्यातले कोळी दाखवले, देठावर चढणाऱ्या मुंग्या दाखवल्या, एक ढेकूण जातीचा किडा सोंड खुपसून अळीला शोषत असलेला दाखवला. विष आहे ते पक्ष्यांसाठी; या मंडळींपैकी अनेकांना त्याचं फारसं वावडं नाही. शंभर अंड्यांतून दहासुद्धा फुलपाखरं होत नाहीत, हा सर्वसाधारण हिशेब. मादी शेकडो अंडी घालते ती यासाठीच.

“मग घरी ने ना,” आई म्हणाली. “बरण्या आहेत तुझ्याकडे. चार तरी जगतील.”

हा प्रश्न इथे जवळजवळ प्रत्येक अंगणात पडतो. पुष्कळ लोक उन्हाळाभर जाळीच्या पेट्यांत अळ्या वाढवतात, शेजारच्या मुलांना बोलावून फुलपाखरं सोडतात, आणि त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण एका पेटीत खूप अळ्या कोंबल्या की त्यांच्यात रोग पसरतो. मोनार्कचा एक एकपेशीय परजीवी आहे, ओई नावाने ओळखला जाणारा. त्याचे बीजाणू फुलपाखराच्या अंगावरून पानांवर पडतात, पानांतून अळीच्या पोटात जातात. मग कोषातून बाहेर येणारं फुलपाखरू दुबळं निघतं, कधी पंख उघडूच शकत नाही. शिवाय २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की व्यापारी पद्धतीने पैदास केलेली मोनार्क शरद ऋतूत दक्षिणेची दिशाच धरत नाहीत, आणि रानटी वंशाची असूनही घरात वाढवलेलीही दिशा चुकतात. दक्षिण कुठे हे न कळणारं मोनार्क सप्टेंबरात मिनेसोटात सोडून काय करायचं? आईला हे पटलं असं म्हणणार नाही. “मांजर अंगणात मरत असेल तर आपण असं बोलतो का?” हा तिचा मुद्दा होता, आणि माझ्याकडे त्याचं चटकन देता येण्यासारखं उत्तर नव्हतं.

प्रकल्पात मात्र घरी आणायची एक रीतसर वाट आहे. चौथ्या-पाचव्या अवस्थेतल्या काही अळ्या आणून त्यांतल्या किती परजीवी माश्यांनी आधीच पोखरल्यात ते बघायचं. जुलैअखेर आम्ही अशा मोजक्या अळ्या आणल्या, प्रत्येकीला वेगळी बरणी, तोंडाला मलमलीचं कापड. आई खूश. सकाळी उठून चहाच्या आधी बरण्यांतली लेंडं काढणं आणि ताजं पान देणं हे काम तिने स्वतःकडे घेतलं. एक अळी एका दिवसात किती खाते आणि किती बाहेर टाकते हे बघून ती रोज नव्याने थक्क व्हायची.

मग त्या वर चढल्या, कापडाला रेशमाचं बटण विणून मागच्या पायांनी उलट्या लटकल्या, इंग्रजी ‘जे’सारख्या वळल्या. बाकीचं इतक्या झपाट्याने होतं की आपण भाजी फोडणीला टाकून येईपर्यंत संपलेलं असतं. शिंगं गळून लोळागोळा होतात, पाठीवर कात उकलते, खालून पोपटी काहीतरी वळवळत वर सरकतं आणि जुनी कात झटकून टाकतं. तासाभरात कोष घट्ट होतो: पोपटी, वरच्या बाजूला काळी किनार आणि सोन्याचे ठिपके. ते ठिपके खरोखर सोन्यासारखे चमकतात. का चमकतात याबद्दल लोक बरंच काही सांगतात. मी आईला एवढंच म्हटलं की हा दागिना तुझ्या दागिन्यांपेक्षा हलका आहे.

एका कोषावर मात्र तपकिरी डाग वाढत गेला. मग एका सकाळी त्याच्यातून पांढरे, चिकट धागे खाली लोंबत होते आणि बरणीच्या तळाशी पांढरट किडे पडले होते. टॅकिनिड माशी. ती अळीच्या अंगावर अंडी घालते, तिची पोरं आतून अळी खातात आणि मोठी झाली की या धाग्यांवरून उतरून कोशात जातात. आईने बरणी हातात धरून बराच वेळ बघितलं. मला वाटलं ती फेकून दे म्हणेल. ती म्हणाली, “याही मोजायच्या का?” मोजायच्याच होत्या. माश्या बाहेर येईपर्यंत ती बरणीही तिने सांभाळली. फक्त इतर बरण्यांपासून लांब, खिडकीच्या दुसऱ्या टोकाला.

बाकीच्या कोषांचा रंग दहा-बारा दिवसांनी उतरत गेला, आतले केशरी पंख आरपार दिसू लागले. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख चुरगळलेले आणि पोट टम्म. पोटातलं पाणी पंखांत जातं, पंख ताणले जातात, आणि मग ते वाळेपर्यंत लटकून राहायचं. मागच्या पंखांवर काळा ठिपका असेल तर नर. मादीला ठिपका नाही, शिरा जाड. आईने त्यांना नावं ठेवली नाहीत याचं मला नवल वाटलं. तिने फक्त नर किती, माद्या किती ते माझ्याआधी कागदावर लिहून ठेवलं.

ऑगस्टमध्ये झाडांवर मावा आला. केशरी-पिवळा, काळ्या पायांचा, शेंड्यांवर खच्चून भरलेला. “हा तर आपल्या कण्हेरीवरचा,” आई म्हणाली, आणि हे शब्दशः खरं आहे. कण्हेर, रुई, मिल्कवीड, तिन्हींवर हीच एक जात, जगभर पसरलेली. तिने साबणाच्या पाण्याची बाटली मागितली. मी नको म्हटलं. त्या झाडांवर अंडीही होती. इथे आमचं थोडं वाजलं.

हे सगळं मोजायचं कशासाठी, असं मला नातेवाईक विचारतात. मेक्सिकोतल्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटरवरच्या ओयामेल वृक्षांच्या रानात ही फुलपाखरं हिवाळ्यात इतकी दाटीने बसतात की एकेक मोजता येत नाही. तिथे त्यांनी व्यापलेलं क्षेत्र मोजतात. १९९६-९७च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टरांच्या वर होतं. २०१३-१४ला ०.६७ हेक्टर. २०२३-२४ला ०.९, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात १.७९. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याने मोनार्कला ‘संकटग्रस्त’ यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला. पण मेक्सिकोतला आकडा सांगतो ती वर्षाअखेरची शिल्लक. खर्च कुठे झाला, ते अंड्यांच्या आणि झाडांच्या नोंदींतूनच कळू शकतं. मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत पूर्वी ओळींच्या मधून मिल्कवीड उगवायचं. तणनाशक सहन करणारी वाणं १९९०च्या दशकात आली, आणि फवारणीत शेतातलं मिल्कवीड गेलं. १९९९ ते २०१० या काळात मध्य-पश्चिमेतलं मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज दोन शास्त्रज्ञांनी मांडला, त्यात स्वयंसेवकांनी मोजलेली अंडी होती. जिथे काही सापडलं फक्त तेवढंच सगळ्यांनी कळवलं असतं, तर प्रत्येक झाडावर अंडी असल्याचंच चित्र उभं राहिलं असतं. जुलैच्या उन्हात डास चावत असताना पानामागून पान उलटायचं आणि शून्य लिहायचं, तेव्हा मी स्वतःला हे सांगते. दरवेळी पुरतं असं नाही.

ऑगस्टच्या उत्तरार्धात निघणारी पिढी वेगळी. उन्हाळ्यातली फुलपाखरं दोन ते सहा आठवडे जगतात. ही आठ-नऊ महिने जगतात, लगेच जोड्या जमवत नाहीत, गोल्डनरॉडच्या पिवळ्या फुलांवर भरपूर मध पितात आणि दक्षिणेला लागतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तिकडे मृतांचा सण चालू असतो तेव्हा, मेक्सिकोत पोचतात. त्यांना टॅग लावायचं काम कॅन्सस विद्यापीठातल्या ‘मोनार्क वॉच’कडून चालतं, १९९२ पासून. तिथून लहान गोल चिकटपट्ट्या मागवायच्या, प्रत्येकीवर अक्षरं आणि आकडे. फुलपाखरू जाळ्यात धरायचं, पंख मिटवून मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला मधोमध शिरांनी आखलेलं जे मोठं घर असतं त्यावर टॅग हलकेच दाबायचा, तारीख, जागा, नर की मादी लिहायचं, सोडून द्यायचं. जाळं फिरवणं माझं काम, टॅग लावणं आईचं.

आमच्या गावांना या कामाचा थोडा अभिमान आहे. मोनार्क हिवाळ्यात जातात कुठे, हे शास्त्राला फार उशिरा कळलं. कॅनडाचे फ्रेड आणि नोरा उर्कहार्ट हे पती-पत्नी कितीतरी वर्षं टॅग लावत, स्वयंसेवक जमवत त्याचा माग काढत होते. २ जानेवारी १९७५ला त्यांचे सहकारी केन ब्रगर आणि कॅटालिना अग्वाडो यांना मिचोआकानच्या डोंगरात ती झाडं सापडली. अर्थात तिथल्या गावकऱ्यांना ती कायमच ठाऊक होती. पुढच्या जानेवारीत उर्कहार्ट स्वतः तिथे चढून गेले, आणि फुलपाखरांच्या भाराने एक फांदी त्यांच्या समोर मोडून पडली. त्या ढिगात पांढरा टॅग लावलेलं एक फुलपाखरू होतं. तो टॅग ऑगस्ट १९७५मध्ये चास्का, मिनेसोटा इथे एका शाळामास्तरांनी आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी लावला होता. चास्का माझ्या घरापासून जवळ आहे. तिथल्या आर्बोरेटमला आई दोनदा जाऊन आली, दुसऱ्यांदा फक्त गोल्डनरॉड बघायला.

मेक्सिकोत सापडलेल्या टॅगची यादी नंतर प्रसिद्ध होते. जमिनीवर पडलेल्या मेलेल्या फुलपाखरांतून तिथले गावकरी आणि वाटाडे ते शोधतात, त्यांना प्रत्येक टॅगमागे पैसे मिळतात. आमच्या टॅगांपैकी एकही त्या यादीत आला नाही. बहुतेकांचे येत नाहीत.

ऑक्टोबरात आई परत गेली. बोंडं उकलून पांढरी रेशमी म्हातारी उतारभर उडत होती, आणि तिला थोडं बी घेऊन जायचं होतं. मी साफ नकार दिला. परदेशी तण वाईला न्यायचं नसतं, विमानतळावर नाही अडलं तरी. “दुसऱ्या महायुद्धात इथल्या शाळकरी पोरांनी हीच बोंडं गोणीगोणीने गोळा केली होती,” मी म्हटलं. जावा बेटावरचा शेवरीचा कापूस जपानने ताब्यात घेतल्यावर तरंगत्या जाकिटांत भरायला मिल्कवीडची म्हातारी वापरली होती. तिने ऐकून घेतलं आणि बी पिशवीतून काढून दिलं.

नोव्हेंबरात तिचा फोन आला. गावाबाहेरच्या मारुतीमागे रुईची झाडं आहेत, शनिवारी माळेची पानं तोडायला गेली होती.

“तुमच्या अळीला शिंगांच्या दोन जोड्या ना गं?”

“दोन.”

“आपल्या अळीला तीन आहेत. एक मधेसुद्धा आहे. मी नीट बघितलं.”

बरोबर होतं. प्लेन टायगरच्या अळीला तीन जोड्या असतात. मग तिने झाडं किती, अंडी किती, अळ्या किती असं सगळं वाचून दाखवलं आणि हे कुणाला कळवायचं ते विचारलं. मी तिला ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’चं संकेतस्थळ सांगितलं. तिथे नोंदीसोबत फोटो लागतो. तिने मला आधी तपासायला पाठवले ते फोटो मी मोठे करून बघितले: दोनांत तिचा अंगठा, एकात मारुतीची भिंत, आणि शेवटच्यात पान अगदी स्पष्ट, अळी धूसर. पुढच्या शनिवारी भाचा सोबत जाणार आहे.